जलसंशोधनाच्या कोरड्या विहिरी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा साऱ्या देशाच्या नजरा तिच्याकडे लागल्या होत्या. पहिल्या फेरीत आलेले पाणी सुमारे पाच लाख लिटर होते. मांजरा धरण आटले होते, विंधन विहिरी शेकडो फूट खोल जाऊनही धूळ ओकत होत्या आणि लाखो वस्तीचे एक शहर रुळांवरून येणाऱ्या पाण्याची वाट पाहत होते. पुढे पाऊस पडला, गाडी थांबली, छायाचित्रे वृत्तपत्रांच्या संग्रहात गेली. त्या गदारोळात एक प्रश्न मात्र मागे पडला. मराठवाड्यात १९५८ पासून विद्यापीठ आहे, १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था म्हणजे वाल्मी आहे, नांदेडला १९९४ पासून दुसरे विद्यापीठ आहे. एवढा विद्येचा पसारा असलेल्या या भूमीत पायाखालचा खडक किती पाणी धरतो आणि किती सोडतो, याचा दहा-वीस वर्षांचा सलग हिशेब कोणत्या विद्वानाने समाजापुढे ठेवला होता?

विद्वानांची वाण आहे म्हणावे, तर तसेही नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या २०१४-१५ मध्ये १.१७ लाख होती, ती २०२१-२२ मध्ये २.१२ लाखांवर गेली. सात वर्षांत जवळजवळ दुप्पट. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात प्रबंधांचा अक्षरशः महापूर आलेला आहे आणि त्यात पाण्यावरचे प्रबंध शोधायला फार कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखण्यात. अमुक तालुक्यातील तमुक तलावाच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म; तीन किंवा चार ठिकाणांहून बारा किंवा चोवीस महिने घेतलेले नमुने; सामू, क्षारता, कठीणपणा, विरघळलेला प्राणवायू; शेवटी भारतीय मानकांशी तुलना आणि पाणी पिण्यास योग्य अथवा अयोग्य असल्याचा निर्वाळा. तलावाचे नाव बदलावे, कोष्टके बदलावीत, प्रबंध नवा! ज्या गावचा तो तलाव, त्या गावाला आपल्या पाण्यावर कोणी ‘डॉक्टर’ झाल्याची वार्ताही नसते.

याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्याय्यही. बावीस-पंचवीस वर्षांचा तरुण विषय निवडत नाही; बहुधा विषयच त्याला दिला जातो. तो देतो मार्गदर्शक. आणि मार्गदर्शक तोच विषय देतो, जो त्याच्या स्वतःच्या मार्गदर्शकाने त्याला दिला होता. प्रयोगशाळेत जी उपकरणे आहेत, त्यांत जे मोजता येते, तेच मोजण्यायोग्य ठरते. अशा रीतीने एका कपाटातील काचेच्या नळ्या तीन पिढ्यांचे जलसंशोधन ठरवतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने या क्षेत्राला शिस्त लावण्यासाठी २००९, २०१६ आणि २०२२ अशा तीन नियमावल्या आणल्या. प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि सहायक प्राध्यापकाने चार विद्यार्थी घ्यावेत, अशी मर्यादा घातली. मार्गदर्शक होण्यासाठी स्वतःची पीएच.डी. आणि ठरावीक संख्येने शोधनिबंध हवेत, असे सांगितले. विद्यार्थ्यासाठी अभ्यासक्रम, दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे सादरीकरण, संशोधनातील नीतिमत्तेचे धडे, हे सारे आले. २०२२ च्या नियमावलीने तर संशोधक विद्यार्थ्याला अध्यापनाचे प्रशिक्षणही बंधनकारक केले. कागदावर सारे नेटके आहे. उणीव एवढीच, की ज्याच्या हाती या विद्यार्थ्याच्या आयुष्याची पाच-सहा वर्षे सोपवायची, त्या मार्गदर्शकाला मार्गदर्शन कसे करावे हे शिकवण्याची अट कोठेही नाही. शिष्याने शिकवायला शिकावे. गुरूने घडवायला शिकण्याची गरज नाही!

उलट मार्गदर्शकाच्या हाती दिले आहे ते गुणांचे माप. २०१८ च्या नियमावलीतील तक्त्याप्रमाणे एका विद्यार्थ्याला पदवी मिळाली, की मार्गदर्शकाच्या खाती दहा गुण. प्रबंध नुसता सादर झाला, तरी पाच. प्रबंधातून एखाद्या नदीचे, गावाचे, कालव्याचे काय झाले याला त्या तक्त्यात रकाना नाही. शोधनिबंधांच्या संख्येला महत्त्व आले, तेव्हा निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. २०१८ साली आयोगाला आपल्याच मान्य यादीतून एका फटक्यात ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यानंतर ‘केअर’ नावाची नवी यादी आली, ती २०२५ मध्ये बंद झाली. यादी बदलल्याने वृत्ती बदलत नाही, हे आयोगाला उशिरा का होईना उमगले असावे.

याच व्यवहाराला कित्येक जण गुरुशिष्य परंपरेचे सोज्ज्वळ नाव देतात. मार्गदर्शकाच्या मुलांना शाळेत सोडणारा, त्याच्या चर्चासत्रांची आमंत्रणे वाटणारा, त्याच्या नावापुढे आपले नाव दुसरे लावणारा विद्यार्थी म्हणजे शिष्य, असा काहीसा समज रूढ झालेला दिसतो. प्रश्नोपनिषदातील पिप्पलाद ऋषींकडे सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन आले, तेव्हा ऋषींनी त्यांना आणखी एक वर्ष आश्रमात राहायला सांगितले. मग हवे ते प्रश्न विचारा, ठाऊक असेल तर सारे सांगेन, असे ते म्हणाले. ‘ठाऊक असेल तर’! प्रश्न शिष्याचा आहे आणि गुरू स्वतःच्या ज्ञानाची मर्यादा आधीच मोकळेपणी मान्य करतो. आजच्या विद्यापीठात प्रश्न गुरूचा असतो, उत्तरही आधीच ठरलेले असते आणि समिधा तेवढ्या शिष्याने आणायच्या असतात. परंपरेचे नाव घ्यायचे, तर ती संपूर्ण घ्यावी.

दुखणे केवळ नैतिक असते, तर उपदेशाने भागले असते. पाण्याच्या बाबतीत ते शास्त्रीयही आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग लाव्हारसाच्या थरांनी बनलेल्या बेसॉल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखा एकजिनसी नाही. कोठे तो भेगाळलेला, कोठे सच्छिद्र, कोठे पाषाणासारखा घट्ट. दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा. एका शेतकऱ्याच्या विहिरीला बारमाही पाणी आणि बांधापलीकडच्या विहिरीत डिसेंबरात खडखडाट, हे ज्याने पाहिले नाही असा मराठी माणूस विरळा. भूजलाच्या सरकारी अंदाजात अशा खडकातून प्रत्यक्ष बाहेर येऊ शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के धरले जाते. हा दोन टक्क्यांचा फरक वरवर नगण्य वाटतो. पण एक हेक्टर क्षेत्रात भूजलाची पातळी एक मीटरने वाढली, तर एक टक्क्याने हिशेब केल्यास जमिनीत एक लाख लिटर पाणी साठले असे ठरते, तीन टक्क्यांनी केल्यास तीन लाख! म्हणजे एखाद्या गावात ऊस घ्यावा की ज्वारी, हे जिच्यावर ठरायचे, ती संख्याच तिपटीने चुकू शकते. ती प्रत्येक पाणलोटात विहिरींवर उपसा-चाचण्या घेऊन, वर्षानुवर्षे नोंदी ठेवून निश्चित करणे, हे खरे डॉक्टरेटच्या तोडीचे काम. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. यंत्रणेने महाराष्ट्राची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केलेली आहे. दीड हजार पाणलोट आणि विद्यापीठांतून विषयाच्या शोधात हिंडणारे हजारो संशोधक विद्यार्थी! या दोघांची गाठ घालून देणारा मार्गदर्शक तेवढा सापडत नाही.

पाऊस दरवर्षी सारखा नसतो. १९७२ सारखे वर्ष असते आणि २००५ सारखेही असते. तीन वर्षांच्या प्रबंधात जे सापडेल ते त्या तीन वर्षांचे सत्य; खोऱ्याचे सत्य हाती लागायला तीन-चार विद्यार्थ्यांची साखळी लागते. येथे तर विद्यार्थी पदवी घेऊन गेला, की त्याच्या वह्या त्याच्याबरोबर जातात, पर्जन्यमापक गंजतो आणि पुढचा विद्यार्थी दुसऱ्या तलावावर शून्यापासून आरंभ करतो.

याची किंमत कोणी मोजली? २०११-१२ च्या राज्य आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले आणि महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. सत्तर हजार कोटींच्या खर्चाचा जाब विचारला गेला. त्याच वर्षी निघालेल्या श्वेतपत्रिकेत जलसंपदा खात्याने पाच टक्क्यांहून अधिक वाढीचा निराळाच हिशेब मांडला. एकीकडे ०.१, दुसरीकडे पाच! कोणता आकडा खरा, हे सांगण्यास लाभक्षेत्रात वर्षानुवर्षे पाय मळवलेला, सरकारचा मिंधा नसलेला, कोणत्याही पक्षाचा झेंडा न घेतलेला तज्ज्ञवर्ग विद्यापीठांतून पुढे यायला हवा होता. अखेर निवृत्त अभियंते डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष समिती नेमावी लागली. जलयुक्त शिवार अभियानाचे तेच झाले. २०१४ च्या अखेरीस अभियान घोषित झाले, हजारो गावांत ओढे खोल-रुंद झाले, २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी त्याच्या परिणामांवर प्रश्नचिन्ह लावले, सरकार बदलताच ते थंडावले, पुन्हा सरकार बदलले तेव्हा त्याची दुसरी आवृत्ती निघाली. एका बाजूने यशोगाथा, दुसऱ्या बाजूने घोटाळ्याची आवई. ज्या गावांत श्रमदानाने पाणी खरोखर मुरले, त्यांच्यावर संशयाची सावली पडली. ज्या गावांत नुसते यंत्र फिरले, ती गावे यशोगाथेत खपून गेली. अभियानापूर्वीची पाच वर्षे आणि नंतरची पाच वर्षे, एवढ्या नोंदी काही मोजक्या पाणलोटांत जरी विद्यापीठांनी ठेवल्या असत्या, तरी या वादाचे तोंड बंद झाले असते.

हे महाराष्ट्राला जमणारच नाही, असे म्हणण्याची सोयही इतिहासाने ठेवलेली नाही. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्याचे नेमके काय झाले, कोणाचे पीक बदलले, कोणाचे कर्ज फिटले, कालव्याचा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ किती, याची गावोगाव पाहणी धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केली आणि १९४८ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. तेव्हा ना संगणक होता, ना उपग्रहाची चित्रे. अर्थशास्त्रज्ञ कालव्यावर गेला होता, एवढेच. आज अर्थशास्त्राचा विद्यार्थी जलशास्त्राच्या विभागाचा जिना चढत नाही, भूशास्त्राचा विद्यार्थी शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी जात नाही आणि स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर नदी वाहती करून समाधान मानतो.

ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना येथील तंत्र विद्यापीठाने २००९ मध्ये जलसंपत्तीविषयीचा डॉक्टरेट कार्यक्रम सुरू केला, तो या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जलशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, सुदूर संवेदन अशा भिन्न शाखांचे विद्यार्थी त्यात एकत्र घेतले गेले, भिन्न शाखांच्या मार्गदर्शकांनी मिळून त्यांना घडवले, आणि पेट्झेनकिर्शेन गावाजवळचे अवघे ६६ हेक्टरचे शेतीचे पाणलोट या सर्वांची सामायिक उघडी प्रयोगशाळा बनले. तेथील सरकारी जल खातेही त्यात भागीदार आहे. एकाच ओढ्याकडे सहा शास्त्रांच्या डोळ्यांनी पाहिले, की प्रबंध एकमेकांशी बोलू लागतात. ‘परदेशातले सारे श्रेष्ठ’ या गुलामी वृत्तीचे हे समर्थन समजू नये, कारण तसेच काम भारतात, शेजारच्या कर्नाटकात चालू आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने फ्रेंच संशोधकांच्या सहकार्याने काबिनी खोऱ्यातील बंदीपूरच्या जंगलातले मूलेहोळ आणि शेतीतले बेरंबाडी या पाणलोटांवर या शतकाच्या आरंभापासून ठाण मांडले आहे. विद्यार्थी आले आणि गेले, मोजणी थांबली नाही. खुद्द मुंबईच्या आयआयटीतील ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र विद्यार्थ्यांना गावात पाठवते. त्याच केंद्रातील पाण्याच्या ताळेबंदाचे काम नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावोगावच्या नियोजनासाठी वापरले गेले. उणीव बुद्धीची किंवा पैशाची असती, तर हे झालेच नसते.

तेव्हा पीएच.डी.ची दावण मार्गदर्शकाच्या दारातून सोडवून नदीच्या काठी बांधावी लागेल. चितळे आयोगाने १९९९ च्या अहवालात जलनियोजनासाठी राज्याची २५ उपखोऱ्यांत विभागणी केली होती. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठे आणि चार कृषी विद्यापीठे यांनी ही उपखोरी आपसांत वाटून घ्यावीत आणि आपापल्या उपखोऱ्यातील एक-दोन लहान पाणलोट कायमचे दत्तक घ्यावेत. तेथे पर्जन्यमापक, ओढ्यावर प्रवाह मोजणारे खाचबंधारे आणि वीस-पंचवीस निरीक्षण विहिरी असाव्यात. जलसंशोधनाचा प्रत्येक विद्यार्थी, मग तो कोणत्याही शाखेचा असो, पहिले पावसाळी वर्ष तेथे काढील आणि आपला प्रश्न तेथे शोधील. त्याला दोन मार्गदर्शक असतील. त्यांपैकी एक भिन्न शाखेचा, आणि शक्य तेथे भूजल यंत्रणा, वाल्मी किंवा नाशिकची मेरी येथील अनुभवी अधिकारी सल्लागार समितीवर असेल. दुसऱ्या शाखेतला वा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेण्याची मुभा आयोगाच्या नियमांत आजही आहे. ती वापरली जात नाही, कारण गुण वाटून घ्यावे लागतात! प्रबंधासोबत सर्व नोंदी विद्यापीठाच्या स्वाधीन केल्याशिवाय तोंडी परीक्षा होणार नाही, अशी अट हवी. आणि नव्या मार्गदर्शकाने स्वतंत्रपणे विद्यार्थी घेण्यापूर्वी एखाद्या ज्येष्ठाबरोबर एक विद्यार्थी शेवटापर्यंत नेलेला असावा. बैल जुंपण्यापूर्वी त्याला जुन्या बैलाच्या जोडीने वळण लावतात. हे शहाणपण कुळवावर चालते, विद्यापीठात का चालू नये?

यावर विद्वानांचे आक्षेप ठरलेले आहेत. संशोधकाच्या स्वातंत्र्यावर घाला येतो म्हणतात. आज ज्याला तलावाचे नाव तेवढे बदलता येते, त्याचे कोणते स्वातंत्र्य जाणार आहे? पैसा नाही, हा दुसरा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. राष्ट्रीय कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून मासिक ३७ हजार रुपये झाली, पण ती मोजक्यांना मिळते. इतरांची शिष्यवृत्ती थकते आणि विद्यार्थी आंदोलनाच्या मांडवात बसलेला दिसतो. उपाशी संशोधकाला चार महिने शिवारात राहा म्हणणे क्रूरपणाचे आहे. मुलींच्या निवासाची आणि वाहनाची सोय न करता तसे म्हणणे तर बेजबाबदारपणाचे. तो खर्च विद्यापीठाने केलाच पाहिजे. मात्र चर्चासत्रांच्या फलकांवर, स्मरणिकांवर आणि शालींवर होणारा खर्च पाहता हात अगदीच आखडलेला आहे, असे दिसत नाही.

एक आक्षेप मात्र स्वदेशाभिमानी मंडळींकडून येतो आणि त्याचा समाचार अधिक कठोरपणे घेतला पाहिजे. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे सांगून वराहमिहिराचे नाव घेतले, की सभेत टाळ्या पडतात. बृहत्संहितेत दकार्गल नावाचा भूगर्भजलाचा अध्याय आहे, त्यात वृक्ष आणि वारुळे यांवरून पाण्याचा ठाव घेण्याच्या खुणा दिलेल्या आहेत, हे खरेच आहे. परंतु तिरुपतीच्या व्यंकटेश्वर विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ ई. ए. व्ही. प्रसाद यांनी त्या अध्यायाचा शास्त्रीय अभ्यास करून १९८० मध्ये ग्रंथ सिद्ध केला, तो वाचणारे टाळ्या वाजवणाऱ्यांत किती? डॉ. रा. श्री. मोरवंचीकरांनी भारतीय जलसंस्कृतीच्या इतिहासाचा ध्यास घेतला, त्यांची वाट पुढे चालवणारे संशोधक किती? खानदेशातील फड पद्धतीत एका बंधाऱ्याचे पाणी शेतकरी आपसांत कसे वाटून घेत होते. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव कोहळी समाजाने उताराचा कोणता हिशेब धरून बांधले. गावोगावच्या बारवा आटल्या त्या नेमक्या कोणत्या दशकात आणि कशामुळे, उपशामुळे की झरे बुजल्यामुळे? हे सारे प्रबंधांचे विषय आहेत, पूर्वजांचे खरे तर्पण तेथे आहे आणि ते मोजपट्टी, लेव्हल व पंपाच्या घड्याळानेच करावे लागेल. वराहमिहिराने सांगितलेली खूण बेसॉल्टात खरी ठरते की नाही, हे शंभर विहिरींवर तपासून ‘नाही’ असे उत्तर आणणारा विद्यार्थी, न तपासता ‘होय’ म्हणणाऱ्या वक्त्यापेक्षा त्या ऋषितुल्य पुरुषाच्या अधिक जवळचा आहे.

प्रबंधाच्या भाषेचाही प्रश्न आहे. जो प्रबंध इंग्रजीत आहे, त्याचा वीस-पंचवीस पानांचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखवण्यात कोणाचा पांडित्यभंग होणार आहे? झालाच तर लाभच होईल. विहिरीचा मालक समोर बसलेला असताना खोटी कोष्टके वाचणे जड जाते.

यांपैकी बहुतेक गोष्टींना नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात निघते, तेव्हा विद्यापीठे मार्गदर्शकनिहाय रिक्त जागांची यादी प्रसिद्ध करतात. जलविषयक संशोधनाच्या बाबतीत त्या यादीत मार्गदर्शकाच्या नावाआधी मांजरा, सिंदफणा, येरळा, पांझरा असे एखाद्या नदीचे नाव छापायला कोणत्याही कुलगुरूंना दिल्लीची परवानगी काढावी लागत नाही.